मळवलीच्या बंगल्यातलं तिसरं मशीन

बायको म्हणते, मी देवळात हात जोडतो तेही चपलांवर नजर ठेवून. खोटं नाही. लोणावळ्यातल्या एका मालकाच्या तीन हॉटेलांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, आणि या कामात संशयी माणूसच टिकतो.

बुकिंग, किचनची बिलं, खोल्यांची कार्डं, सगळं व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटातल्या अनेक कॉम्प्युटरांवर, चालतं आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक मॅनेजमेंट सर्व्हर आहे. तोच आडवा झाला तर? म्हणून मी तिघांची योजना आखली. एक कामावर, दुसरा त्याची जागा घ्यायला तयार, आणि पहिला खरंच गेला का हे सांगायला तिसरा, साक्षीदार. तिसरा गप्प झाला तर दुसरा जागा घेत नाही. तिघं एका छपराखाली नकोत म्हणून तिसरं मशीन मालकाच्या मळवलीच्या बंगल्यात ठेवलं. नवा यूपीएस मी लोणावळ्याला ठेवून घेतला, जुना तिकडे पाठवला.

बंगला एक आबा सांभाळायचे. भिंतीला लागूनच त्यांचं भातखाचर. बारा वर्षं बंगल्याची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

आठवड्याभरातच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिसरं मशीन सकाळी साडेआठच्या सुमाराला बंद पडायचं, अर्ध्या तासाने परत यायचं. आज, परवा, पुन्हा तेरवा. नेमकी तीच वेळ? मला काही कुणी शिकवायला नको. आबा मशीनचा प्लग काढून त्या जागी स्वतःचं काहीतरी लावत असणार.

न सांगता गेलो. मशीनच्या खोलीत लादीवर चिखलाची पावलं, थेट कपाटापर्यंत. मला तर आनंदच झाला.

"आबा, हे बंद कोण करतं?"

"मी न्हाई बंद करत, सायेब. त्ये वराडाया लागलं की मी येतो आन् चालू करून जातो."

पकडला गेलेला माणूस असंच बोलतो, असं मी मनात म्हटलं. मालकांना फोन केला. त्याच दिवशी किल्ली आबांकडून काढून हॉटेलच्या वॉचमनकडे दिली. आबांनी ती कमरेची सोडून माझ्या हातावर ठेवली. तडक खाचरात उतरले. तेही मला संशयास्पद वाटलं.

तिसऱ्या दिवशी साडेआठला मशीन बंद पडलं. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. परत आलंच नाही.

वॉचमनला घेऊन गेलो. यूपीएस मेला होता. शेजारच्या बंगल्यात विचारलं तेव्हा कळलं, स्विमिंग पूलची मोटर ते सकाळी साडेआठला लावतात, कधी एक दिवसाआड, कधी रोज. मोटर लागली की व्होल्टेज पडायचं, माझा जुना यूपीएस बॅटरीवर जायचा, ओरडत ओरडत संपायचा, आणि कुणी बटण दाबल्याशिवाय उठायचा नाही. मी मशीन बंद पडल्याच्या वेळा लिहून काढल्या होत्या. रोज ते परत चालू कोण करतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. लावणी टाकून, चिखलाच्या पायांनी धावत येणारा माणूस मी स्वतःच हाकलला होता. लाज वाटली, आणि वॉचमनसमोर वाटली म्हणून रागही आला.

किल्ली घेऊन बांधावर गेलो. आबा वाकून रोपं लावत होते. मी माफी मागितली, किल्ली पुढे केली. त्यांनी हात चिखलातून काढलेच नाहीत.

"आज बी लय वराडलं त्ये," ते म्हणाले. "फाटकापतुर दोनदा जाऊन आलो. आत कसा जाणार, सायेब? उद्या परत कायतरी बंद पडलं तर तुमी पयलं माजीच पावलं बगणार."