खुंटीवरची माळ

अनया, ईशान,

परवा व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, "आजी, जेवताना ती कॅप्सूल कशाला?" मी विषय बदलला. अर्धवट उत्तर देणं मला आवडत नाही, म्हणून आता नीट लिहिते.

मला कावीळ झाली होती. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी पोटाचा स्कॅन लगेच करायला सांगितला. मी घाबरले. तेवढ्यात माझ्या धाकट्या जावेने काविळीची माळ आणून माझ्या गळ्यात घातली. दोऱ्यात गाठवलेले ओल्या काड्यांचे तुकडे; माळ लांबेल तशी कावीळ उतरते, असं आपल्याकडे मानतात. जन्मभर इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवलेली मी रोज सकाळी फूटपट्टीने माळ मोजून वहीत लिहू लागले. ती खरंच लांबत होती. मी स्कॅन पुढे ढकलला.

शुक्रवारी अंबाबाईच्या रांगेत माझ्यापुढे पन्हाळ्याकडची एक अनोळखी बाई होती. तिने माळेबद्दल विचारलं. सहा दिवसांत चार बोटं वाढली, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"माळ वाढली व्हय, आक्का. पर डोळं हळद माखल्यावानी हायत की. घरात आरसा न्हाय काय?"

"दर्शन झालं की बघते."

"देवी कुठं पळून जात न्हाय. तुमी आधी दवाखान्यात जावा."

का कोण जाणे, मी रांग सोडली आणि दर्शन न घेताच स्कॅनला गेले. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती. तिने पित्ताची वाट अडवली होती, त्यामुळे यकृत सुजलं होतं. "आणखी थांबला असतात, तर ही काढता आली नसती," सर्जन म्हणाले. ऑपरेशनच्या टेबलावर झोपले तेव्हा हातात ना वही होती ना फूटपट्टी. आई अंबाबाईला म्हटलं, आता तू मोज. फार हलकं वाटलं.

बरी झाल्यावर मी तशीच ओली माळ आणून खुंटीला टांगली आणि रोज मोजली. तीही लांबली. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात. खुंटीला काही कावीळ नव्हती.

माळेचं उत्तर मिळालं. त्या बाईचं मिळालं नाही. तिची ओटी भरावी म्हणून कितीतरी शुक्रवार त्या रांगेत उभी राहिले. ती दिसली नाही. आता शोधत नाही, नुसता नमस्कार करते. सगळं आपल्या वहीत मावत नाही, एवढं शिकले.

ती खुंटीवरची माळ अजून आहे. पोटावर वीतभर व्रण आहे. स्वादुपिंड थोडं उरलंय, जेवण पचवायला त्याला कॅप्सूलची मदत लागते. यकृत ठणठणीत आहे. आणि मी आहे.