मामांची तहकूब बाग

सोलापुरातल्या झाडून साऱ्या माजी नगरसेवकांनी शंभरी गाठावी, अशी मनापासून इच्छा बाळगणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. यात राजकारण अजिबात नाही. मामांची उभी हयात एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या सोडण्यात गेली. त्यांना हवी होती फक्त शुक्रवार पेठेत एक बाग. जागा आहे, बागेचा फलक आहे, फलकामागे वेड्या बाभळी आहेत. नळ, बाकं आणि कुंपण एवढ्यापुरता निधी मिळाला की झालं. पण महापालिकेच्या सर्वसाधारण सभेची एक जुनी रीत आहे. कुणी माजी सभासद वारला असेल, तर सुरुवातीलाच उभं राहून श्रद्धांजली वाहायची आणि सभा तहकूब करायची. आणि बागेचा विषय पत्रिकेवर आला, की का कोण जाणे, कुणीतरी माजी सभासद नेमके आदल्या दिवशी डोळे मिटायचे.

बरं, बाग कशाला हवी? तर निवांत बसायला! हे ऐकून मला हसू आवरेना. मामा पाच मिनिटं एका जागी बसल्याचं मी पाहिलेलं नाही. चहा ते उभ्यानं पितात. कुणाच्या घरी गेले की भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात, गळका नळ पिळून बघतात आणि यजमान पाणी घेऊन येईपर्यंत जिना उतरलेले असतात. आमच्या लग्नाच्या एकूण एक फोटोत मामांची पाठ आहे, कारण प्रत्येक फोटोत ते कुठंतरी निघालेले आहेत. एकदा मी चेष्टेनं विचारलं, "मामा, तुम्ही बागेत बसणार तरी कधी?" तर उलट मलाच म्हणाले, "जागाच न्हाय तर बसू कुटं, जावईबापू? उभाच हाय की मी!"

मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. तेव्हा तर मामांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. मग निवडणुका झाल्या, सभागृह पुन्हा भरलं आणि मामा प्रेक्षकांच्या सज्जात रुजू झाले. एकदा मलाही ओढून नेलं. त्या दिवशी नशिबानं कुणी गेलेलं नव्हतं. पण शहरांतल्या मोकळ्या जागांबद्दल राज्य सरकार नवा कायदा आणत होतं, त्याला पाठिंबा द्यायचा की विरोध, हे आधी ठरायचं होतं. मग काय विचारता! मंत्रालयाच्या काचा तडकाव्यात अशी भाषणं झाली. माइक ओढले गेले, कुणी सभात्याग केला, चहाच्या वेळेला परतही आले. मामा खुर्चीत उठबस करत पुटपुटत होते, "मुंबईला काय कळवायचं ते कळवा, पर आदी नळाचं बोला की." विरोधाचा ठराव दणक्यात मंजूर झाला, तोवर सभासद पांगले होते आणि बाग राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून मामांनी वेगळाच उद्योग आरंभला. सभेच्या आदल्या संध्याकाळी ते थकलेल्या माजी नगरसेवकांच्या घरी जाऊन प्रकृती विचारायचे. त्यांत सगळ्यांत वयस्कर होते पूर्व भागातले अण्णा. एके काळी त्यांचा चादरींचा कारखाना होता. आता खाटेवर पडून असायचे. मामांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरासारखा तपास सुरू केला, "छातीत कळ न्हाय ना? झोप लागती का?" अण्णा मिस्कीलपणे म्हणाले, "ओ कंट्रोलर, माझी गाडी अजून फलाटावरच हाय. तुम्ही जावा की सभेला निवांत." दोघांचं जमलं ते तिथून. पुढं पुढं सभा नसतानाही मामा तिकडं जायला लागले. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "अवचित सभा लागली तर?"

मार्च आला. बागेसाठी यंदा राखून ठेवलेला निधी मंजुरीविना मार्चअखेर परत जाणार होता आणि त्याआधीची ही शेवटची सभा. मामांनी एकेका नगरसेवकाच्या खनपटीला बसून वचन घेतलं, की कुणीही गेलं तरी दुखवटा करायचा, पण सभा चालू ठेवायची. सगळे कबूल झाले. मामांपासून सुटका करून घ्यायला दुसरा मार्गच नव्हता.

सभेच्या दिवशी पहाटे अण्णा गेले.

मामा अण्णांच्या घरून परस्पर सज्जात आले. खाली सगळे उभे राहिले, श्रद्धांजली झाली. दिलेल्या शब्दाला जागून महापौरांनी जाहीर केलं, "सभेचं कामकाज पुढे चालू. विषय पहिला, शुक्रवार पेठेतील बाग." दोन-तीन नगरसेवकांनी वर बघून मामांना हातही केला. सगळे खाली बसले. मामा मात्र उभेच होते.

"ओ महापौर, थांबा की! सभा तहकूब करा."

सुरक्षारक्षकानं दंड धरला, तरी मामा बोलतच राहिले, "बाग माझीच हाय, म्हणून मीच सांगतो. अण्णा ह्या सभागृहात बोलल्यात, भांडल्यात. त्यांना असं घाईत वाटंला लावू नका." मग कुणीतरी हळूच अनुमोदन दिलं आणि सभा तहकूब झाली.

जिना उतरताना मी चिडून म्हणालो, "मामा, निधी गेला की हो! पुन्हा पहिल्यापासून सगळं!" मला खरंच राग आला होता. मामा म्हणाले, "कळतंय मला. पर त्या बागंत मग मला बसवलं असतं का?"

निधी गेला तो गेलाच. पुढच्या सभेच्या आदल्या संध्याकाळी मामा आमच्या दारात उभे. "उद्या सभा हाय," म्हणाले. "सवयीनं निगालो घरातनं. निम्म्या वाटंत आल्यावर ध्यानात आलं. आता कुटं जावं, सुचंना." ही आतून "या की आत" म्हणत होती, पण त्यांचा पाय उंबऱ्याच्या आत येईना आणि बाहेरही जाईना. मी चपला अडकवल्या आणि म्हटलं, "चला, मी येतो." कुठं, ते त्यांनी विचारलं नाही.