"सगळ्या थरांतले लोक हवेत!"

आमच्या कामात माणसं जमता जमत नाहीत, किस्से मात्र ढिगाने जमतात. म्हातारपणी स्मरणशक्ती खाणाऱ्या अल्झायमरवर संशोधन चालू आहे, त्यात मी नोकरी करते. आकुर्डी ते चाकण फिरायचं, आजी-आजोबांना तपासणीला तयार करायचं आणि ते पुन्हापुन्हा येतील असं बघायचं. ऐकायला किती सोपं!

*

पहिल्याच मीटिंगमध्ये आमचे मोठे सर म्हणाले, "समाजातल्या सगळ्या थरांतले लोक हवेत!" आणि तपासणी ठेवली मंगळवारी सकाळी अकराला. सोबत घरचं माणूस पाहिजेच!

तळवड्याचा एक जण चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला. आईला आणायचं म्हणून त्याने सुट्टी मागितली.

सुपरवायझर म्हणाला, "आजारी आहे का आई?"

"नाही, विसरते."

"मग तू पण सुट्टीचं विसर!"

मी सरांना म्हटलं, रविवारी ठेवू या. तर सर म्हणतात, "अहो, रविवारी आपल्या स्टाफला सुट्टी असते!"

*

प्रश्नावली परदेशातून आलेली. त्यात प्रश्न, "आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत?" आणि आम्ही बसलोय पत्र्याच्या घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर! आजोबा माझ्याकडे बघतच राहिले.

"पोरी, तुझी तब्येत बरी हाय न्हवं?"

या उत्तराला शून्य मार्क! मी भांडले. सर म्हणाले, "प्रश्न बदलता येणार नाही."

"मग घर बदलायला सांगू का त्यांना?"

*

लातूरकडून इकडे कामाला आलेलं एक कुटुंब. सासूचं अंघोळीपासून सगळं सून करते. पण सरांचा हुकूम, माहिती मुलाकडूनच घ्या, तो शिकलेला आहे. सून दाराशी उभी.

"आई रात्री नीट झोपतात का?"

"एकदम शांत," मुलगा म्हणाला.

सुनेला राहवेना. "मॅडम, ह्यांना सहा महिने झाले, नाइट शिफ्ट आहे!"

*

आकुर्डीचे एक रिटायर्ड फिटर काका. रक्त दिलं, मेंदूचा फोटो काढणाऱ्या मशीनच्या बोगद्यात झोपले, कधी कुरकुर नाही. दर वेळी एवढंच विचारायचे, "रिपोर्ट काय आला?" आणि दर वेळी आमचं उत्तर, "संशोधन संपल्यावर कळवू."

शेवटी म्हणाले, "तोवर मी काय विचारलं होतं, ते तुम्हीच लक्षात ठेवा!" गेले ते पुन्हा आलेच नाहीत. सरांनी कारण लिहिलं, 'सहभागीला रस उरला नाही.' रस कोणाला नव्हता, सांगा बरं!

*

मग एका मोठ्या हॉटेलात सरांचं भाषण झालं. शोभेला म्हणून आमच्या चाकणच्या एका आजींना पहिल्या रांगेत बसवलेलं. त्यांच्याकडे जाणारी मी एकटीच, सर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

सर माइकवर गहिवरून म्हणाले, "या लोकांपर्यंत पोहोचणं फार फार अवघड असतं!"

आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अवघड कशापायी, साहेब? कांदा मार्केटच्या मागंच तर हाय आमचं घर. कुणालाबी इचारा!"