प्रसादाचा चमचा

"झाकण उघडा बरं!" बाईंचं रोजचं पहिलं वाक्य हेच. नातेवाइकांच्या डब्यात बोट फिरवायचं आणि उजेडात धरायचं. तेलातुपानं बोट चमकलं की डबा परत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा वैताग येतो आणि त्यांची सुट्टी असली की जीव घाबरतो.

जुन्या जालन्यातल्या त्या छोट्या दवाखान्यात बाई मोठ्या सिस्टर होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वडीगोद्रीची एक लेकुरवाळी थायरॉईडच्या कॅन्सरसाठी दाखल झाली. ऑपरेशन नीट झालं, पण तिसऱ्या दिवशी जखमेला लावलेल्या बाटलीत दुधासारखं पाणी उतरलं. अन्नातली चरबी वाहून नेणारी एक बारीक वाहिनी मानेपाशी येते, ती क्वचित दुखावते. सर्जन म्हणाले, "तेल, तूप, दूध बंद. आठवड्यात थांबलं नाही तर मान पुन्हा उघडावी लागेल."

तिच्या म्हाताऱ्या आईला हे पटेना. "लेक वाळून चालली अन् तुमी नुसती पेज पाजून राह्यले!"

"बरी झाली की वाटीभर तूप घाला, आई. आत्ता बिलकुल न्हाई," बाई म्हणाल्या.

बाटली रोज कमी भरू लागली. सहाव्या दिवशी पाणी पुन्हा पांढरं झालं. तोवर आम्ही सगळेच थकलो होतो. बाई म्हातारीवर तुटून पडल्या. "चोरून तूप देल्तं ना?"

"लेकीची शप्पथ, न्हाई वो!" म्हातारी रडू लागली.

मग खाटेवरून लेक हळूच म्हणाली, "बाई, काल शिरा तुमीच देल्ता."

आदल्या दिवशी दवाखान्यात सत्यनारायण होता. तुपानं थबथबलेला प्रसाद बाईंनीच खाटेखाटेवर वाटला होता. प्रसाद हेही खाणंच, हे त्यांच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही, ताट माझ्याच हातात होतं.

बाईंनी स्वतः जाऊन सर्जनना सांगितलं. ते म्हणाले, "एका चमच्यानंच झालं असं नाही. गळती पूर्ण थांबली कुठं होती?" बाईंचं त्यानं समाधान झालं नाही. त्या म्हातारीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "चुकलं माझं. तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"देवाचं म्हणून देल्तं, बाई. जाऊ द्या," म्हातारी म्हणाली, पण तिनं बाईंकडे पाहिलं नाही.

आठवडा झाला तरी गळती थांबली नाही, मान पुन्हा उघडायचं ठरलं. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला बाई दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशीच्याच आठवतात. ड्यूटी संपली तरी त्या थिएटरबाहेरच्या बाकावर म्हातारीशेजारी बसून होत्या. दुपारी दार उघडलं. सर्जन म्हणाले, "वाहिनी बांधली. गळती थांबली."

बाई उठायला गेल्या. तेव्हा म्हातारीनंच त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.