जपानला जाऊन राहिलेले काका

लातुरात राहून लातूरवर इतका जिवापाड चिडलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. लातुरात चिडायला कारणांचा तोटा नाही. नळाला पाणी येण्याची वाट पाहण्यातच माणसाचं निम्मं आयुष्य जातं. पण आमच्या घरमालक काकांचा राग पाण्यावर नव्हता, धुळीवर नव्हता. त्यांचा राग भिंतींवर होता. जिन्यांवर, सज्ज्यांवर, गच्चीवर चढवलेल्या पाण्याच्या टाक्यांवर होता. कुठं नवं बांधकाम दिसलं की काका सायकल भिंतीला टेकवून आत शिरत आणि गवंड्याला विचारत, "हे घर हाय का बुजगावणं? कॉलम कुठं हायेत याचे?" गवंडी हसायचे. मग काका जाता जाता ठणकावून सांगत, "बांधा, बांधा! मी तर जपानला जाऊन राहिलो!"

काका मूळचे किनवटकडचे. त्यांच्या बोलीत 'जाऊन राहिलो' म्हणजे 'चाललो आहे'. आम्ही मुखेडकडची पोरं त्यालाच 'जायलालोय' म्हणतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण या दोन शब्दांनी पुढं मोठा घोटाळा केला.

किल्लारीच्या भूकंपाला काही वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासची लाट आली होती. दहावीला बरे मार्क पडलेला मराठवाड्यातला प्रत्येक मुलगा पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरत होता. मीही मुखेडच्या एसटीतून तसाच उतरलो. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळं खोली कशी शोधतात हे सांगणारंही कोणी नव्हतं. बाकीच्या घरमालकांनी मला अॅडव्हान्स किती देतो ते विचारलं. या काकांनी विचारलं, "झोपेतून उठून पळता येतं का?" मी हो म्हणालो. "पेटी डोक्याच्या वर ठेवशील का पलंगाखाली?" मी म्हणालो, पलंगाखाली. "मग ये," ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली मुलाखत, आणि मी ती एका दमात पास झालो.

घर दोन मजली. खाली काकू, मुलगा आणि सून, वरच्या मजल्यावर आम्ही पोरं. काका स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाज टाकून राहत. त्यांच्या उशाशी पितळी तांब्या उपडा ठेवलेला असे, त्याच्यावर पेला आणि पेल्यावर चमचा. जमीन हलली की चमचा पडणार, अशी ती व्यवस्था. जमीन कधी हलली नाही, पण मांजर रोज हलायची. चमचा पडला की काका शिटी फुंकत आणि आम्ही सगळी पोरं असेल त्या अवस्थेत अंगणात. एकदा भर दुपारी मी एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन उतरलो, तर काकांनी माझं कौतुक करायचं सोडून झापलं, "पुस्तक कशाला आणलं? ते काय मरणार हाय?"

जपान त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते नक्की सांगता येत नाही. भूकंपानंतर पाहणीला आलेल्या कोण्या साहेबानं बोलता बोलता सांगितलं असावं की तिकडं धरणी याच्यापेक्षा जास्त हलते, पण माणसं सकाळी उठून कामाला जातात. एवढ्या एका वाक्यावर काकांनी आपलं सगळं मन जपानला हलवलं. शाळेच्या जुन्या नकाशातून कापलेलं जपान त्यांनी शेडच्या पत्र्याला डकवलं होतं. भेटायला आलेल्या माणसाला ते कमरेत वाकून नमस्कार करत, त्यामुळं पोस्टमन बिचारा प्रत्येक वेळी त्यांचं काही खाली पडलं का ते शोधू लागे. जेवायला ते पूर्वीही खालीच बसायचे, पण आता ते जपानी पद्धतीनं खाली बसत. काकू विचारायच्या, "आन् ह्या दोन्हींत फरक काय हाय?" काका म्हणत, "तुला नाही समजायचं." तिकडं ज्वारी मिळत नाही, ही एकच गोष्ट त्यांना जपानची खटकत होती आणि त्यावर ते मनापासून विचार करत. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला तेव्हा त्यानं विचारलं, "जपानला कशाला?" "राहायला." "का, इथं राहून नाही राहिले का?" त्यानं काकांच्याच बोलीत टोमणा मारला. काका उसळले, "इथं राहतंय कोण? इथं तर आपण ढिगाऱ्याखाली जायची वाट पाहून राहिलो!"

गल्ली हसायची. मीही हसायचो. मग एकदा काकू अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मी मदतीला बसलो होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं. काकांची धाकटी बहीण औशाकडच्या एका खेड्यात दिलेली होती. स्थळ काकांनीच बघितलं होतं, आपल्या नोकरीच्या गावाजवळ असावी म्हणून. तिचं घर त्या भागातल्या सगळ्या घरांसारखं, दगडमातीच्या रुंद भिंतींचं आणि वर माळवदाचं. माळवद म्हणजे लाकडांवर माती दाबून केलेलं छप्पर. ते गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्याच्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात. जुना थर कोणी काढत नाही. "भूकंपाच्या साली भाऊजी आजारी होते," काकू म्हणाल्या. "तर हे सुट्टी टाकून गेले. सोता गाडी लावून माती आणली, सोता वर चढून धुम्मसानं चोपून बसवली. बहीण म्हणली, दादा, पुरे की, लई झाली. हे म्हणले, गळायला नको तुझं घर." काकूंनी शेंगा बाजूला केल्या. "गळलं नाही बघ. त्या रात्री एकदमच बसलं, तिच्या अंगावर."

त्यानंतर मला काकांचं हसू आलं नाही. हसणाऱ्यांचा राग यायला लागला. तो अजून आहे. एका बाजूला तालुक्यातली गावंच्या गावं उठवून नवीन ठिकाणी बसवली जात होती, आणि दुसऱ्या बाजूला क्लासच्या पोरांसाठी शहरात जुन्या भिंतींवर मजले चढत होते. खालची भिंत काय सोसते ते कोणी विचारत नव्हतं. आमच्या डोक्यावरही असाच एक मजला चढायचा होता. काकांच्या मुलाचं औषधांचं दुकान होतं, माणूस वाईट नव्हता, पण शेजाऱ्यांच्या घरांवर दर उन्हाळ्यात खोल्या वाढताना पाहून त्याला राहवत नव्हतं. "बाबा, एकच मजला. सगळ्यांनी चढवलाय." काकांचं उत्तर ठरलेलं. "खाली कॉलम नाहीत. मी इथं हाय तवर एक वीट वर जाणार नाही."

अशात आमच्या क्लासच्या संचालकांनी गुणवंतांच्या सत्कारासाठी पाहुणा शोधायला सुरुवात केली. संचालक पुण्याकडचे. एकदा आमच्यातल्या एका पोराच्या फीची चौकशी करायला काका गेले असताना त्यांनी ते प्रसिद्ध वाक्य ऐकलं आणि 'जपानला जाऊन राहिलो' याचा पुणेरी अर्थ घेतला: हे गृहस्थ जपानला गेले आणि तिथं राहिले! फलकावर अक्षरं रंगली, 'जपानमध्ये प्रदीर्घ वास्तव्य केलेले ज्येष्ठ नागरिक'. काका इस्त्रीचा सदरा घालून आले, फलक न वाचताच स्टेजवर चढले आणि कमरेत वाकले. टाळ्या झाल्या. संचालक म्हणाले, "जपानी मुलं दिवसाचे किती तास अभ्यास करतात, ते आपण स्वतः पाहिलंय. सांगा जरा आमच्या मुलांना."

"मी कुठं पाहिलं?" काका म्हणाले.

"असं काय करता? तुम्हीच म्हणालात ना, जपानला जाऊन राहिलो."

"हाव. जाऊन राहिलो. केव्हाचा जाऊन राहिलो. पण गेलो कुठं अजून?"

हॉल कोसळला, म्हणजे हसण्यानं. काका तोवर हॉलकडं बघत होते. तिसरा मजला, खच्चून भरलेली पोरं आणि एक चिंचोळा जिना. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "ओ सर, हसणं होत राहील. ही एवढी लेकरं या एका जिन्यानं खाली कशी उतरणार ते सांगा. मायबापानं डॉक्टर करायला पाठवली हायेत. तुम्ही त्यांना बोरांसारखी पाटीत भरली!" माईक बंद झाला. काका तसेच बोलत राहिले. शेवटी दोघांनी त्यांना हात धरून त्याच जिन्यानं खाली उतरवलं. मागच्या रांगेत मी हसलो नाही, पण उठून उभाही राहिलो नाही, आणि पुढं पेढे वाटले तेव्हा रागारागानं दोन खाल्ले.

गावभर गोष्ट पसरली. मुलाला दुकानात बसणं मुश्किल झालं, गोळ्या घ्यायला आलेली माणसं विचारू लागली, "जपानची सर्दीची गोळी हाय का?" आठवडाभर त्यानं ते ऐकून घेतलं. मग एक दिवस त्यानं काकांसमोर जपानच्या सहलीचं तिकीट ठेवलं. "जा, बाबा. एकदाचं डोळ्यांनी बघून या." काका तिकिटाकडं असे बघत राहिले की आम्हाला वाटलं, हे आता रडणार. त्यांनी ज्वारीचं पीठ दळून आणलं. चमचा, पेला, तांब्या काकूंच्या स्वाधीन केला. निघायच्या सकाळी आम्ही सगळी पोरं अंगणात उभी होतो. काकूंनी हातावर दही ठेवलं. काका बॅग उचलून फाटकापाशी आले आणि समोर ट्रॅक्टर येऊन थांबला. वाळूनं भरलेला.

ड्रायव्हर म्हणाला, "मजला चढवायचाय ते घर हेच ना? मालक म्हणले होते, म्हातारा आज जायलालाय, सकाळीच टाका."

 मुलगा खाली बघत होता. ड्रायव्हरनं वाळू ओतली. काकांनी बॅग खाली ठेवली, हातावरचं दही धोतराला पुसलं आणि त्या ढिगावर चढून मांडी घालून बसले. ऊन चढलं तरी उतरले नाहीत. मुंबईच्या गाडीची वेळ टळून गेल्यावर मुलगाच छत्री घेऊन आला आणि त्यांच्या डोक्यावर धरून उभा राहिला.  ती वाळू पुढं गल्लीतल्या लोकांनी घमेल्या-घमेल्यानं नेली. मजला चढला नाही.

मी पदवीधर झालो, नांदेडला नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन गेलो. काकांच्या घराच्या दोन्ही बाजूंना उंच वसतिगृहं उभी राहिली होती आणि मधे ते दोन मजली घर लहान पोरासारखं दिसत होतं. मी धीर करून विचारलं, "काका, त्या दिवशी निघून गेला असता, तर आज जपान बघितलेलं असतं. वाईट वाटत नाही?"

"तिकडं माझं काय काम हाय रे?" ते म्हणाले. "तिकडं सगळ्यांची घरं नीटच हायेत. तिकडं मी कोणावर वरडू?" मग त्यांनीच विचारलं, "तू नांदेडात कितव्या मजल्यावर राहतो?"

मी तिसऱ्या म्हणालो.  ते उठले आणि शेडमधल्या आपल्या बाजेवरची वाकळ झटकून म्हणाले, "पड इथं जरा वेळ." दुपारची वेळ, पत्रा तव्यासारखा तापलेला, झोप लागणं शक्य नव्हतं. तरी मी डोळे मिटून पडून राहिलो. काका पायथ्याशी स्टूल टाकून बसले होते. शेजारच्या मजल्यांकडं बघत त्यांची नेहमीची पुटपुट चालली होती, आणि मला झोप लागली असं त्यांना वाटल्यावर ती हळूहळू थांबली.