म्हशीला वाट कुणी सांगितली

जळकोट तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी तिसरीला शिकवत होते. पेपरात प्राण्यांची काही नवलाची बातमी आली की ती कापून न्यायची आणि त्या दिवशीचा धडा तिच्यावरूनच सुरू करायचा, ही माझी सवय. माकडिणीनं कुत्र्याचं पिल्लू पोटाशी धरलं, बँकेत घोरपड शिरली. असलं काही वाचलं की मागची पोरंसुद्धा पुढं सरकून बसायची.

एकदा बातमी होती म्हशीची. बाजारात विकलेली म्हैस दावं तोडून, मधली कितीतरी गावं ओलांडून, जुन्या मालकाच्या गोठ्यात येऊन उभी राहिली. मला दिशा शिकवायच्या होत्या. शाळेपासून आपल्या घरापर्यंतची वाट काढा, असं मी सांगितलं.

वर्गात मावशीकडे राहणारी एक मुलगी होती. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगलीकडे जायचे. सगळ्यांची घरं काढून झाली, तरी तिचा कागद संपेना. तिनं एका कोपऱ्यात कारखान्याची चिमणी काढली होती, दुसऱ्या कोपऱ्यात आमची वस्ती. मधे सगळं कोरं.

शाळेपासून काढायचं होतं ना, असं मी विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, "मला घरची वाट ठावं हाय, मॅडम. आईला तिकडनं यायची न्हाई. तिला रातच्याला ट्रकात घालून नेतेत, वर ताडपत्री असती."

मी तिचा कागद भिंतीवर लावला आणि मधली वाट आपण सगळ्यांनी भरायची, असं वर्गाला सांगितलं. एका पोराचे वडील एसटीत कंडक्टर होते, त्यांच्याकडून थांबे आले. कुणी औशाचा किल्ला काढला, कुणी तुळजापूरचा घाट. सोलापूरच्या पुढं भीमा आली, तेव्हा निळा खडू संपला. कागदाला कागद चिकटत खिडकीपर्यंत गेले. पूर्व-पश्चिम पोरांना पुन्हा शिकवावी लागली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला, ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. एका सकाळी ती आईचा हात धरून वर्गात आली. आई दारातच चप्पल काढून उभी राहिली. मुलगी एकेक गाव वाचून दाखवत होती आणि आई तिच्या बोटामागून बोट फिरवत होती. शेवटी आई हळूच म्हणाली, "एवढ्या लांबून येताव होय आम्ही?" आणि लेकीला तिथंच जवळ ओढलं.

पुढच्या दिवाळीनंतर मुलगी शाळेत आली नाही. एवढ्या लांब लेकीला सोडून आईला जाववेना, म्हणून सोबत नेलं, असं मावशीनं सांगितलं. नेणार असं कानावर आल्यावर, शाळा बुडेल, हे मी आधीच दोनदा घरी जाऊन समजावलं होतं. आई ऐकून घेत होती, पण तिचा हात लेकीच्या पाठीवरून हलत नव्हता. तिला कसं दोषी म्हणू? तिकडच्या शाळेत घाला, एवढं मी फोनवरून सांगत राहिले. मग तो फोन लागेनासा झाला, आणि माझीही बदली नायगावकडे झाली.

इथली पोरंही गोड आहेत. पण हंगामात उसाच्या मोळ्यांनी भरलेला ट्रॅक्टर शाळेवरून जातो, तेव्हा वर बसलेल्या मुलींचे चेहरे मी बघत राहते. ती आता मोठी झाली असेल, समोर आली तरी ओळखू येणार नाही. तरीही ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा होईपर्यंत माझ्याच्यानं फळ्याकडे वळवत नाही.