डुकराचा जुना शब्द

'मोक्कुस' हा शब्द कोणीही कधी लिहून ठेवलेला नाही. आयरिशमध्ये डुकराला 'मुक' म्हणतात, वेल्शमध्ये डुकरांना 'मोख'. त्यावरून अभ्यासकांनी या भाषांच्या आईभाषेतला शब्द अंदाजाने उभा केला. तो तिथे कुठून आला, हे मात्र नक्की कोणालाच माहीत नाही. पुण्याहून ऑस्ट्रेलियात शिकायला आले तेव्हा मी याच शब्दाच्या मागे लागले होते.

वर्षभर खपून मी त्याचं एक मूळ सुचवलं. गाईडने मसुदा वाचला. "यात दम नाही. दुसरा विषय घे," म्हणाला. मी खचले, युनिव्हर्सिटी सोडली, आयटीत शिरले आणि कॅनबरात गुंगालिनला घर केलं. मग एका मासिकात त्या गाईडचा लेख दिसला. मूळ माझं, मुद्दे माझे, उदाहरणांचा क्रमसुद्धा माझाच. नाव फक्त त्याचं.

नवरा म्हणाला, "तक्रार कर, नाहीतर सोडून दे."

मी यातलं काहीच केलं नाही. माझ्या मांडणीचा सगळा भार एका खेड्याच्या नावावर होता. त्या नावात मला डुकराचा हा शब्द दडलेला दिसला होता. कामावरून आले की मी त्याच नावाच्या जुन्या नोंदी शोधत बसायचे. शेवटी त्याचं आणखी जुनं रूप हाती लागलं. त्यात डुक्कर नव्हतंच, कुणा माणसाचं नाव होतं. माझीच मांडणी कोसळली आणि मला विलक्षण आनंद झाला. मी कोणाला काही बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यात गाईड याच विषयावर बोलायला कॅनबरात आला. मी सुट्टी टाकली, लाइट रेलने सिटीत गेले, पुढेच बसले. त्याने मला ओळखलं नाही. प्रश्नांच्या वेळी उभी राहून मी खेड्याच्या नावाचं ते जुनं रूप सांगितलं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तो पाणी प्यायला आणि हसून म्हणाला, "खरं तर ही चूक माझी नाही. हा भाग माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा आहे."

"लेखात तसं लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "ती विद्यार्थिनी मीच."

नंतर तो स्टॉपपर्यंत माझ्यामागे आला. "तू मला आधी सांगू शकली असतीस."

"शकले असते," मी म्हणाले आणि गाडीत चढले.

मासिकाने लेख मागे घेतला, त्या संध्याकाळी मी पुरणपोळ्या केल्या. नवऱ्याने विचारलं, "आज काय आहे?" मी त्याच्या पोळीवर तूप वाढलं.